बसणारे चाक आणि पेलणारे चाक

फोक्सवॅगनच्या जुन्या ट्रान्सपोर्टर व्हॅनच्या हबवर पाच बोल्ट असतात आणि त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ११२ मिलिमीटर असतो. मर्सिडीज-बेंझच्या बहुतेक मोटारींवर आणि ऑडीच्या अनेक मोटारींवरही हाच आकडा आहे. या योगायोगातून जर्मनी आणि ब्रिटनमधल्या व्हॅनमालकांचा एक उद्योग गेली कित्येक दशके चालू आहे. भंगारात निघालेल्या मर्सिडीजची किंवा ऑडीची अलॉय चाके स्वस्तात घ्यायची, आपल्या व्हॅनची गंजलेली पोलादी चाके उतरवायची आणि ही चढवायची. पाच भोके पाच बोल्टांवर बरोबर जुळतात, चाक हबवर जाऊन बसते आणि गाडीचे रूप पालटते. मात्र चाक हबवर बसले म्हणजे ते त्या गाडीचे ओझे पेलेलच असे नाही. बसणे आणि पेलणे यांतल्या फरकाचा विचार चाक विकत घेण्याआधी व्हायला हवा, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी होतो.

ट्रान्सपोर्टरच्या पिढ्या लक्षात घेतल्याशिवाय पुढचे आकडे समजणार नाहीत. पहिली पिढी मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये तिचे उत्पादन हानोवरला गेले. (त्याच सुमारास हॅम्बुर्गची विडाल कंपनी 'टेम्पो माटाडोर' नावाची मालगाडी बनवत होती आणि १९४९ च्या पहिल्या माटाडोरला इंजिन फोक्सवॅगनचेच होते. पुढे बजाज टेम्पोमार्फत ही नावे महाराष्ट्रात आली आणि छोट्या मालगाडीला मराठीत 'टेम्पो' हा शब्द कायमचा चिकटला.) दुसरी पिढी, म्हणजे टी२, १९६७ मध्ये आली. टी३ आली १९७९ मध्ये. तिला ब्रिटनमध्ये टी२५ आणि अमेरिकेत व्हॅनागन म्हणतात. १९९० मध्ये टी४ आणि २००३ मध्ये टी५. टी३ पर्यंत इंजिन मागे होते, टी४ पासून ते पुढे आले. चाकांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे, कारण इंजिन ज्या आसावर असते त्या आसाच्या चाकांवर त्याचा भार कायमचा पडतो.

बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासाला गॅरेजच्या भाषेत पीसीडी म्हणतात. पहिल्या पिढीच्या आणि सुरुवातीच्या टी२ गाड्यांचा पीसीडी तब्बल २०५ मिमी होता. जुन्या बीटलचा आणि पोर्शे ३५६ चाही तोच. १९७० च्या ऑगस्टपासून टी२ ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि पीसीडी ११२ झाला. तो टी३ आणि टी४ मध्येही टिकला. टी५ मध्ये मात्र तो १२० झाला, त्यामुळे एकाच घराण्यातल्या असूनही टी५ ची चाके टी४ वर बसत नाहीत. सगळ्याच व्हॅनमालकांचे नशीब एवढे चांगले नसते. २००० नंतरच्या फोर्ड ट्रान्झिटचा पीसीडी १६० मिमी आहे आणि एवढ्या व्यासाची पाच बोल्टची चाके दुसऱ्या मोटारींत जवळपास सापडतच नाहीत.

पाच भोकांच्या चाकावर पीसीडी थेट मोजता येत नाही, कारण एका भोकासमोर दुसरे भोक नसते. त्यासाठी शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणतात. ११२ च्या चाकात हे अंतर सुमारे ६५.८ मिमी येते आणि जपानी मोटारींत सर्रास आढळणाऱ्या ११४.३ च्या चाकात सुमारे ६७.२. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा असल्याने साध्या पट्टीने मोजणारा हमखास फसतो. ११४.३ चे चाक ११२ च्या हबवर जोर लावून बसवता येते, पण तेव्हा प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या मधोमध न राहता मिलिमीटरभर सरकून तिरका ओढला जातो. असा फरक झाकण्यासाठी सैल कॉलरचे खास बोल्ट बाजारात मिळतात. हलक्या मोटारीवर त्यांचा वापर वादग्रस्त आहे. दोन-अडीच टनांच्या व्हॅनवर ते लावू नयेत, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

पीसीडीनंतर पाहायचे ते चाकाच्या मधले मोठे भोक. हबची गोल कड या भोकात घट्ट बसते आणि चाक मध्यावर धरून ठेवते. टी३ च्या चाकाचे मधले भोक सुमारे ६६.५ मिमीचे आहे आणि मर्सिडीजचे ६६.६. मर्सिडीजची चाके टी३ वर एवढी लोकप्रिय होण्याचे दुसरे कारण हेच आहे. टी४ मध्ये हे माप ५७.१ मिमीवर आले आणि ते त्या काळच्या ऑडी व फोक्सवॅगन मोटारींशी जुळते. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ऑडीचे चाक टी४ वर जसेच्या तसे बसते. मर्सिडीजचे लावायचे असेल तर बाहेरून ६६.६ आणि आतून ५७.१ मापाची रिंग मध्ये घालावी लागते. ही रिंग ओझे उचलत नाही. बोल्ट आवळले जाईपर्यंत चाक मध्यावर ठेवणे एवढेच तिचे काम. ती नसेल तर चाक केसभर बाजूला बसते आणि ताशी ८०-९० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. मग मालक चाके पुन्हा पुन्हा बॅलन्स करून घेतो आणि थरथर जात नाही म्हणून हैराण होतो. याउलट टी४ च्या मापाचे ५७.१ चे चाक टी३ वर बसतच नाही. ते बसवायचे तर मधले भोक लेथवर मोठे करावे लागते.

टी३ मध्ये आणखी एक बारकावा आहे. तिच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या हबवर ग्रीस अडवणारी जी टोपी असते, तिच्या चौकोनी भोकात ती अडकवलेली असते आणि टोपी चाकाबरोबर फिरते तशी केबलही फिरते. ही टोपी चाकाच्या मधल्या भोकातून बाहेर डोकावते. अलॉय चाकाचे शोभेचे झाकण आतून उथळ असेल तर ते टोपीवर आदळते. ठोकून बसवले, तर टोपी दबते आणि वेगाचा काटा बंद पडतो.

तिसरे माप ऑफसेटचे. चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेषा आणि हबला टेकणारा सपाट भाग यांच्यातले अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या मागच्या बाजूला ते 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेले असते. ही अक्षरे 'आइनप्रेसटिफे' या जर्मन शब्दाची आहेत. ईटीचा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत जाते; जितका लहान, तितके ते बाहेर येते. टी३ चे पोलादी चाक साडेपाच इंच रुंद, ईटी ३९ चे. नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीज सी-क्लासचे १५ इंची अलॉय सात इंच रुंद, ईटी ३७ चे. ईटीमधला फरक केवळ दोन मिलिमीटरचा दिसतो, पण रुंदी हिशेबात घेतली की चित्र बदलते. साडेपाच इंचांचे चाक हबच्या टेकूपासून आत सुमारे १०९ मिमी आणि बाहेर ३१ मिमी जाते, तर सात इंचांचे आत १२६ आणि बाहेर ५२ मिमी. म्हणजे चाक आतल्या बाजूला १७ आणि बाहेरच्या बाजूला २१ मिमी वाढले. आत सस्पेन्शनच्या दांड्यांपासून आणि बाहेर मडगार्डच्या कडेपासून तेवढी जागा आहे का, हे गाडी सरळ उभी असताना कळत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आणि मागे पुरेसे वजन ठेवून पाहावे लागते. रिकाम्या व्हॅनमध्ये सुटसुटीत फिरणारा टायर माणसे आणि सामान भरल्यावर मडगार्डला घासू लागतो.

टी४ चे गणित वेगळे आहे. तिचे चाक सहा इंच रुंद, ईटी ५५ चे. म्हणजे ते मुळातच बरेच आत बसते. त्यावर ऑडी ए४ चे सात इंच रुंद, ईटी ४५ चे चाक लावले तर आतली कड जेमतेम तीन मिमी सरकते, पण बाहेरची कड २३ मिमी पुढे येते. चाक बाहेर आल्याने गाडी रुंद आणि दमदार दिसते, म्हणून पुष्कळांना ते आवडते. त्याची किंमत बेअरिंगला मोजावी लागते. ओझ्याची रेषा बेअरिंगपासून दूर गेली की तरफेसारखा ताण वाढतो आणि बेअरिंग लवकर झिजते. पुढच्या चाकांवर आणखी एक परिणाम होतो. स्टिअरिंग ज्या काल्पनिक रेषेभोवती वळते ती रेषा आणि टायरचा जमिनीवरचा मध्य यांच्यातले अंतर बदलते, त्यामुळे खड्ड्यात एक चाक गेले की स्टिअरिंग हाताला हिसका देते. काही टी४ गाड्यांना मोठ्या ब्रेक डिस्क असतात. त्यांच्यावर १५ इंची चाक आतून कॅलिपरला लागते, तेव्हा १६ इंची घेण्यावाचून इलाज नसतो.

बोल्ट आणि नट हा विषय क्षुल्लक वाटतो, पण चाक गळून पडल्याच्या घटनांचा उगम बहुधा इथेच असतो. टी३ च्या हबवर सहसा १४ मिमी जाडीचे स्टड असतात, आट्यांमधले अंतर दीड मिमी. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीजला मात्र १२ मिमीचे बोल्ट लागत. त्यामुळे पीसीडी आणि मधले भोक जुळूनही मर्सिडीजच्या त्या चाकांची बोल्टची भोके टी३ च्या स्टडला अरुंद पडतात आणि ती मोठी करावी लागतात. हे काम यंत्रावर, प्रत्येक भोकाचा मध्य धरून झाले पाहिजे. हातातल्या ड्रिलने भोक कितीही जपून वाढवले तरी ते थोडे लंबगोल होते किंवा एका बाजूला सरकते. शिवाय भोक वाढले की नट ज्या जागेवर टेकतो ती बैठक तेवढीच कमी होते. पुढच्या काळात मर्सिडीजनेही १४ मिमीचे बोल्ट आणले. तशी चाके मिळाली तर हा खटाटोप वाचतो, आणि थोडे जास्त पैसे देऊनही तीच घेणे शहाणपणाचे.

नट टेकण्याची बैठक दोन प्रकारची असते. एक शंकूच्या आकाराची, साठ अंशांची. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सुट्या अलॉय चाकांना ती असते. दुसरी वाटीसारखी गोलाकार. बहुतेक जर्मन कंपन्यांच्या मूळ चाकांना ही असते. त्यातही वाटीची त्रिज्या कंपनीगणिक वेगळी. फोक्सवॅगन आणि ऑडीची १३ मिमी, मर्सिडीजच्या १२ मिमी बोल्टची १२ आणि १४ मिमी बोल्टची १४. शंकूचा नट गोल वाटीत आवळला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कड्यावर टेकतो. पान्याला तो घट्ट लागतो, पण काही किलोमीटरांत अ‍ॅल्युमिनियम त्या कड्यावर दबते, ताण उतरतो आणि नट ढिला होतो. म्हणून चाक कोणाचे, हे कळल्याबरोबर नट त्या चाकाच्या बैठकीचे आणि आटे आपल्या हबचे, असा जोड शोधावा लागतो. टी३ वर मर्सिडीजचे चाक लावताना असा मिश्र नट खास मागवावा लागतो. दुकानातला हाताला येईल तो चालत नाही.

अलॉय चाकाचा हबला टेकणारा भाग पोलादी चाकाच्या पत्र्यापेक्षा पुष्कळ जाड असतो. जुने स्टड किंवा बोल्ट त्यामुळे आखूड पडतात. आटे निदान बोल्टच्या जाडीइतके, म्हणजे १४ मिमी, आत गुंतले पाहिजेत. दीड मिमी अंतराच्या आट्यांचे ते नऊहून अधिक फेरे होतात, आणि नट हाताने फिरवताना ते मोजता येतात. उलट बोल्ट फार लांब घेतला तर त्याचे टोक हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांवर घासण्याचा धोका असतो.

आता ओझे. टी३ चे मागचे आसन काढून तिचे फिरते घर केले, तर त्यात खाट, कपाटे, पाण्याची टाकी, गॅसची टाकी, दुसरी बॅटरी असे सामान कायमचे बसते. वेस्टफालिया कंपनीच्या कारखान्यातून अशा हजारो गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या. त्या रिकाम्या कधीच नसतात. त्यात इंजिन मागे. म्हणून मागच्या आसाचा भार या गाड्यांत बहुतेक वेळ आपल्या मर्यादेच्या जवळ असतो. ही मर्यादा गाडीवरच्या पट्टीवर कोरलेली असते. ती १३०० किलो असेल तर प्रत्येक मागच्या चाकाने आणि टायरने किमान ६५० किलो पेलले पाहिजेत.

टायरच्या बाजूवर मापापुढे जो दोन किंवा तीन आकडी अंक असतो, तो भाराचा निर्देशांक. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, ९७ म्हणजे ७३०, ९९ म्हणजे ७७५, १०२ म्हणजे ८५०. टी३ वर मूळचे १८५ आर १४ सी टायर १०२ निर्देशांकाचे मिळतात. त्यातला 'सी' मालवाहू गाडीचा. आता एखाद्याने १६ इंची अलॉयबरोबर मोटारीत सर्वत्र आढळणारा २०५/५५ आर १६ टायर ९१ निर्देशांकाचा घेतला, तर दोन टायर मिळून १२३० किलो पेलतात आणि पट्टीवर लिहिले आहेत १३००. सत्तर किलोंची तूट गाडी उभी असताना दिसत नाही. लांबच्या प्रवासात, उन्हाळ्यात, हवा थोडी कमी असताना टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि मग तो फुटतो. १५ इंची चाकावर २०५/६५ आर १५ माप साध्या ९४ निर्देशांकात, मजबूत केलेल्या ९९ मध्ये आणि मालवाहू १०२ मध्ये मिळते. दुकानदार किमतीकडे पाहून पहिले देतो. व्हॅनला दुसरे किंवा तिसरे हवे.

हा प्रश्न युरोपपुरता नाही. मारुतीची व्हॅन, पुढे ओम्नी नावाने ओळखली गेलेली, १९८४ पासून २०१९ पर्यंत भारतात बनली आणि तिचा मूळ टायर १४५ आर १२ एलटी मापाचा. 'एलटी' ही अक्षरे हलक्या मालगाडीची. मोठ्या अलॉयच्या हौसेपायी मोटारीचा टायर आला की ही अक्षरे गळतात, आणि शाळेची मुले किंवा भाजीची पोती वाहणाऱ्या गाडीवर ती गळणे बरे नाही.

टायरचा भार निदान त्याच्या अंगावर लिहिलेला असतो. चाकाचे तसे नाही. सुटी विकली जाणारी अनेक अलॉय चाके पेलण्याची मर्यादा किलोमध्ये दाखवतात. जपानी मानकात मोटारीच्या चाकासाठी 'जेडब्ल्यूएल' आणि ट्रक-बसच्या चाकासाठी 'जेडब्ल्यूएल-टी' असा वेगळा शिक्का असतो. पण मोटारीसोबत कारखान्यातून आलेल्या जुन्या मूळ चाकांवर रुंदी, व्यास, ईटी, भाग क्रमांक आणि तारीख असते. भार बहुतेकदा नसतो. अशा वेळी एक सुरक्षित हिशेब करता येतो. चाक ज्या मोटारीचे, तिच्या जड आसाची मर्यादा शोधायची आणि निम्मी करायची. ती मर्यादा १००० किलो असेल तर चाक ५०० किलो नक्की पेलते. त्यापुढे किती पेलेल हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून लहान सेडानपेक्षा अवजड सलूनची, आणि त्याहून चांगले म्हणजे दुसऱ्या व्हॅनची चाके शोधावीत. मर्सिडीज व्हिटोचा पीसीडी ११२ आणि मधले भोक ६६.६ आहे, आणि तिची चाके मुळातच व्हॅनसाठी घडवलेली. तिचा ऑफसेट साधारण ५० ते ६० असल्याने टी४ वर ती रिंग घालून जवळपास मूळ जागी बसतात. टी३ वर मात्र ती फार आत जातात आणि स्पेसरची, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायच्या चकतीची, मदत घ्यावी लागते.

दिसण्यासाठी सर्वांत जास्त मागणी असते ती पोर्शे ९११ च्या पाच पाकळ्यांच्या चाकांना. जर्मनीतल्या माइनेर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने घडीव अ‍ॅल्युमिनियमची ही चाके १९६६ मध्ये ९११ एस साठी केली आणि मोटारींच्या इतिहासात ती देखणेपणाचे उदाहरण ठरली. त्यांचा पीसीडी १३० असल्याने व्हॅनवर बसवायला हब आणि चाक यांच्यामध्ये जाड अडॅप्टर घालतात. बसतात सुंदर. पण ती मोटार सुमारे एक टनाची होती आणि टी३ भरल्यावर अडीच टनांच्या घरात जाते. अशा गाडीसाठी त्याच नमुन्यावर, अधिक भाराची म्हणून प्रमाणित केलेली आणि ११२ पीसीडीची नवी चाके घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

जास्त ओझ्याने अलॉय चाक पहिल्याच दिवशी का मोडत नाही, याचे उत्तर धातूच्या थकव्यात आहे. ६५० मिमी व्यासाचा टायर एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे करतो, म्हणजे एक लाख किलोमीटरला पाच कोटी. प्रत्येक फेऱ्यात चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर ओझे येते आणि जाते. पोलादाच्या बाबतीत एका ठरावीक ताणाखाली असे फेरे जवळजवळ कितीही सोसले जातात. अ‍ॅल्युमिनियमला अशी पक्की तळरेषा नसते. ताण थोडा वाढला तरी आयुष्य पुष्कळ घटते आणि कुठेतरी नजरेला न दिसणारी भेग सुरू होते. भंगारातून आलेल्या चाकाने आपल्या आयुष्यातले काही कोटी फेरे आधीच संपवलेले असतात.

म्हणून जुने चाक घेताना समोरच्या चकाकीपेक्षा मागची बाजू पाहावी. आऱ्यांच्या मुळाशी आणि आतल्या कडेवर केसासारखी रेघ आहे का, कुठे वेल्डिंग केले आहे का, बोल्टची भोके लंबगोल झाली आहेत का, हे उजेडात धरून पाहावे. वेल्ड केलेले चाक घेऊ नये. बहुतेक ओतीव चाके अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ओततात. मग सुमारे ५४० अंशांना तापवून झटकन थंड करतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या वर काही तास ठेवून कठीण करतात. चाकाची ताकद या उष्णोपचारातून येते. वाकलेली कड गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकणाऱ्याच्या हातून ती ताकद तिथल्या तिथे नाहीशी होते. रंग दिल्यावर ते चाक नव्यासारखे दिसते, एवढेच. टायर जिथे टेकतो त्या आतल्या पट्टीवर पांढरा बुरशीसारखा गंज असेल तर हवा हळूहळू जात राहते. तो घासून साफ करता येतो. चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरशिवाय फिरवून पाहिले तर वाकलेपणा लगेच कळतो, आणि ही तपासणी पैसे देण्याआधी व्हावी.

टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. टी३ चा मूळ टायर सुमारे ६५० मिमीचा. २०५/६५ आर १५ सुमारे ६४८ चा, २०५/६० आर १६ सुमारे ६५२ चा, दोन्ही चालण्यासारखे. २०५/५५ आर १६ मात्र ६३२ चा म्हणजे जवळपास तीन टक्क्यांनी लहान. स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो आणि इंजिनाला त्याच वेगाला जास्त फेरे घ्यावे लागतात. लांबच्या प्रवासात आधीच धापा टाकणाऱ्या जुन्या इंजिनाला ते मानवत नाही. अलॉय लावण्याचा एक खरा फायदाही इथेच आहे: चांगले मजबूत १४ इंची टायर दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत आणि १५ किंवा १६ इंचांत निवडीला वाव आहे. अलॉय चाक हलकेच असते हा समज मात्र तपासून घ्यावा. मोठे, रुंद ओतीव चाक लहान पोलादी चाकापेक्षा जडही भरू शकते.

जर्मनीत हा सगळा व्यवहार कागदावर आल्याशिवाय पूर्ण होत नाही. तिथल्या वाहन-नियमावलीच्या कलम १९ नुसार, धोका निर्माण होईल असा बदल केला तर गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द होते. सुट्या चाकाबरोबर फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन कार्यालयाची मंजुरी किंवा तपासणीचा अहवाल येतो. दुसऱ्या कंपनीचे मूळ चाक असेल तर असा कागद नसतो. मग चाकाच्या भारक्षमतेचा पुरावा घेऊन टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या संस्थेच्या अभियंत्यासमोर गाडी उभी करावी लागते. त्याने मान्य केले की बदल गाडीच्या नोंदपत्रात चढतो. ही पद्धत कटकटीची आहे खरी, पण ओझ्याचा प्रश्न कोणीतरी विचारतो, ही तिची मोठी बाजू. ब्रिटनमध्ये चाक बदलण्यासाठी आधी परवानगी लागत नाही. वार्षिक तपासणीत गाडी पास व्हावी लागते आणि विमा कंपनीला बदल कळवावा लागतो. न कळवल्यास अपघातानंतर दावा अडकतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधने घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ती ठामपणे मान्य केली.

चाके प्रत्यक्ष बसवताना हबचा टेकू तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा लागतो. गंजाची पापुद्री मध्ये राहिली तर ती नंतर चुरते आणि नट ढिले पडतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. नट हाताने सगळे बसवून, मग समोरासमोरचे आलटून पालटून, ताऱ्याच्या आकारात आवळावेत. शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा. टी३ ला १८० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे ज्या मोटारींतून ही चाके आली त्यांच्या जवळपास दीडपट. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर तोच पाना पुन्हा एकदा फिरवावा, कारण नव्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम थोडे बसतेच.

राहिले सुटे पाचवे चाक. टी३ मध्ये ते पुढच्या नाकाखाली, एका आडव्या कप्प्यात असते आणि रुंद टायर त्या कप्प्यात मावत नाही. बहुतेक मालक तिथे जुने पोलादी चाकच ठेवतात आणि त्यात काही वाईट नाही, फक्त त्याचा टायर व्यासाने बाकीच्यांशी जुळता हवा. मर्सिडीजच्या अलॉयसाठी घेतलेले नट त्या पोलादी चाकाच्या बैठकीवर नीट टेकत नाहीत. म्हणून गाडीचे मूळचे पाच नट एका पिशवीत बांधून, पान्याशेजारी, नेहमी गाडीतच ठेवावे लागतात.